जवळचा मित्र गेल्यापासून आमचा ग्रुप भेटणंच टाळतो. नागपुरात एकत्र येऊन मनाला आधार कसा मिळवावा?

भेटा, पण वार ठरवून. ‘कधीतरी भेटू’ म्हटलं की कोणी येत नाही.

आमच्यातला एक गेला तेव्हा आम्ही मंगळवार धरला. सीताबर्डीचा टेकडी गणपती, मग चहा. एक जण देव मानत नाही; तो बाहेर चपलांपाशी बसायचा आणि खरं मोकळं बोलणं त्याच्यापाशीच व्हायचं. दुसऱ्यानं दीक्षाभूमीला नेलं. १९५६ मध्ये बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली ती जागा; स्तूपात नुसतं गप्प बसलं तरी बरं वाटतं. कोणी ताजबागेत, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात जाईल, जाऊ द्या. सगळ्यांची श्रद्धा एकच कशाला हवी?

गेलेल्याचं नाव टाळू नका. त्याचे फजितीचे किस्से निघाले अन् हसू आलं, तर हसा.

त्याच्या आईकडे मात्र नक्की जा. तेरावं झालं की घर एकदम ओस पडतं. तिथं ‘देवाची इच्छा’ वगैरे बोलू नका बाप्पा, जेवायला बसा.

कोणाची झोप-भूक बरेच दिवस उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.