बोटीच्या इंजिनाला पाणी आणणारा होज गंजलाय, नुसते क्लॅम्प बदलून भागेल का?

तुमचं म्हणणं असं: सीकॉकपासून (बोटीच्या तळाच्या भोकावरची, दांड्याने उघडबंद होणारी झडप) इंजिनाच्या पंपाकडे समुद्राचं पाणी आणणारा होज मधे फुगलाय, टोकाशी तांबूस ओघळ दिसतो, क्लॅम्प गंजलेत, पण थेंबभरही गळत नाही. मग नुसते क्लॅम्प बदलून चालेल का, आणि होज बदलायचाच झाला तर बोट पाण्यात असतानाच बदलता येईल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ नाही असं आहे. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या सीकॉकवर अवलंबून आहे, आणि खरं सांगायचं तर होजपेक्षा मला त्याचीच काळजी जास्त वाटते.

आधी तो ओघळ. रबर गंजत नाही. गंजते ती रबराच्या थरांमधली स्टीलची तार. पंप पाणी ओढतो तेव्हा होज चपटा होऊ नये म्हणून ही तार गोल गोल गुंडाळलेली असते. होज कापून बसवताना टोकाशी ती उघडी पडते, खारं पाणी तिथून शिरतं आणि तारेच्या कडेकडेने आत सरकत राहतं. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं, त्यामुळे थर एकमेकांपासून सुटतात आणि होज फुगतो. तुम्हाला टोकाशी दिसतंय ते या सगळ्याचं शेवटचं टोक आहे. फुगीर भाग दोन बोटांत धरून दाबा. आत काहीतरी करकर मोडल्यासारखं वाटलं तर तिथली तार संपली आहे. सुटलेला आतला थर पंपाच्या ओढीने मधे येतो आणि पाण्याची वाट अडवतो. इंजिन सावकाश चालवलं की सगळं ठीक, वेग वाढवला की तापमान चढतं, आणि लोक आधी इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं रबरी चक्र, बदलून मोकळे होतात.

गळत नाही यावर भरवसा ठेवू नका. सीकॉक ते पंप हा ओढणारा भाग आहे. पंप पाण्याच्या पातळीच्या वर असेल तर तिथला सैल जोड पाणी बाहेर टाकत नाही, हवा आत घेतो. जोड कोरडा ठणठणीत दिसतो आणि पंपाला मात्र पाणी कमी पडत असतं. पंपाआधी पाण्यातला कचरा अडवणाऱ्या गाळणीचं झाकण पारदर्शक असेल तर इंजिन चालू असताना त्यात बुडबुडे येतात का ते बघा.

आता सीकॉक. होज काढल्यावर समुद्र आणि तुमची बोट यांच्यामध्ये तेवढंच काय ते उरतं. पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटरचं भोक उघडं राहिलं तर तासाला साधारण ४,००० लिटर पाणी आत येतं. बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या लहान बिल्ज पंपांवर लिहिलेली क्षमताही बहुधा याहून कमी असते, आणि पाणी वर उचलताना ती आणखी घटते. म्हणून होजला हात लावण्याआधी सीकॉक बंद करा आणि गाळणीचं झाकण हळूच सैल करा. गाळणी पाण्याच्या पातळीच्या खाली असेल तर ही परीक्षा अगदी खरी ठरते: थोडं पाणी येऊन थांबलं तर सीकॉक धरतोय, येतच राहिलं तर झाकण घट्ट करा आणि काम तिथेच थांबवा. गाळणी पातळीच्या वर असेल तर मात्र यातून काहीच कळत नाही. मग होजचं खालचं टोक जरासंच सैल करून बघावं लागतं, लाकडी गुडदी हाताशी ठेवूनच. दांडा फिरतच नसेल तर पाना लावून जोर करू नका. जुना सीकॉक मुळाशी तुटला तर बंद करायला काहीच उरत नाही. अशा वेळी बोट पाण्याबाहेर काढणं हाच एक मार्ग, यात मी कधीच तडजोड करत नाही.

सीकॉकच्या ज्या तोटीवर होज चढतो ती चाकूच्या टोकाने जरा खरवडून बघा. वरचा हिरवट थर घाबरण्यासारखा नसतो. त्याच्या खाली पिवळा चकचकीत धातू लागला तर ठीक. पण गुलाबी, भुसभुशीत आणि सहज निघणारा थर लागला तर पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्याने खाल्लं आहे, उरलंय ते सच्छिद्र तांबं. नवा होज घट्ट आवळताना अशी तोटी हातात येऊ शकते. नवा होज आणण्याआधी ती बदला.

होज घेताना जुन्या होजचा आतला व्यास मोजा, बाहेरचा नाही. ओढणाऱ्या बाजूला तार असलेला, बोटीसाठी बनवलेला होजच हवा. बागेतला पाइप किंवा गाडीच्या रेडिएटरचा बिनतारेचा होज इथे चपटा होतो. एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळतं त्याच्या पुढचा होज वेगळा असतो. त्यावर एसएई जे२००६ (बोटीच्या एक्झॉस्ट होजचं मानक) असं छापलेलं असतं, आणि तिथे दुसरं काही लावू नका.

जुना होज पिळून किंवा स्क्रूड्रायव्हर घालून उपटायचा नाही. तुटायची भीती होजची नसते, तोटीची असते. तोटीवरच्या भागाला चाकूने लांबीच्या दिशेने चीर द्या, तार लागली की कटरने तोडा, आणि होज साल काढल्यासारखा उकलून घ्या. चाकू धातूपर्यंत खोल घालू नका, तोटीवर ओरखडा पडला की नवा जोड तिथूनच गळतो.

नवा होज सरळ कापा, बाहेर आलेली तार छाटून टाका आणि कापलेल्या कडेवर पाण्यात टिकणाऱ्या सीलंटचा पातळ हात फिरवा. हे पाच मिनिटांचं काम बहुतेक जण करत नाहीत, आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. टोक गरम पाण्यात धरून मऊ करा, तोटीला भांड्यांचा साबण लावा, होज चढतो. तेल किंवा ग्रीस लावू नका, रबर खराब होतं. होजची वाट जुन्यासारखीच ठेवा, कुठेही घडी पडता कामा नये. पंपाच्या पुढच्या बाजूचं कामही काढणार असाल तर तिथला पाण्याच्या पातळीच्या वर नेलेला वळसा आखूड करू नका. इंजिन बंद असताना समुद्राचं पाणी आपोआप ओढलं जाऊन इंजिनात शिरू नये म्हणून तो दिलेला असतो.

क्लॅम्प खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या ३१६ स्टेनलेसचे घ्या, पट्टी आणि स्क्रू दोन्ही. स्वस्त क्लॅम्पची पट्टी स्टेनलेस असते आणि स्क्रू साधा. चुंबक लावून बघा, स्क्रूला घट्ट चिकटला तर ठेवून द्या. पाण्याखालच्या जोडावर दोन क्लॅम्प हवेत, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला. पण तोटी आखूड असेल तर दुसरा क्लॅम्प तोटीच्या पुढे, नुसत्या होजवर येतो आणि त्यालाच कापतो. अशा ठिकाणी एकच नीट बसवा. आवळायला स्क्रूड्रायव्हरपेक्षा सॉकेट बरा. पट्टीच्या खाचांतून रबर वर येऊ लागलं तर जास्त झालं.

सुरू करण्याआधी गाळणीत वरपर्यंत पाणी भरा, झाकण लावा, सीकॉक उघडा. काम चालू असताना इंजिनाची किल्ली सीकॉकच्या दांड्यालाच अडकवून ठेवलेली असावी, म्हणजे तो उघडल्याशिवाय कोणी इंजिन लावणारच नाही. इंजिन सुरू होताच एक्झॉस्टमधून पाणी येतंय का ते बघा. अर्ध्या मिनिटात आलं नाही तर बंद करा, कोरडा फिरलेला इम्पेलर फार लवकर जळतो. आणि इंजिन लागतच नसेल तर सीकॉक उघडा ठेवून स्टार्टर पुन्हा पुन्हा मारू नका. पंप पाणी ढकलत राहतो, ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा जोर नसतो, सायलेन्सर भरतो आणि पाणी सिलिंडरपर्यंत मागे येऊ शकतं.

इंजिन तापून थंड झालं की क्लॅम्प एकदा परत आवळा, रबर थोडं दबलेलं असतं. आणि त्याच वेळी बोटीवरचे बाकीचे तारेचे होजही दाबून बघा, विशेषतः शौचालयाचे. ते बहुधा याच वयाचे असतात, आणि त्यांचे सीकॉक महिनोन्महिने कोणी फिरवलेले नसतात.