जुन्या पुठ्ठ्यापासून थरांचं सेल्फ-पोर्ट्रेट करायचंय, पण चेहरा सपाटच दिसतो, काय करू?

बहुतेक वेळा होतं काय, की सगळे थर एकमेकांना चिकटवून टाकतात, मग सावलीच पडत नाही. मध्ये पुठ्ठ्याचेच छोटे तुकडे ठेवून गॅप द्या, नाकाखाली दोन-तीन तुकडे, गालाखाली एक, म्हणजे बाजूने उजेड पडला की चेहरा लगेच उठून दिसतो.

सुरुवात फोटोपासून करा, एका बाजूने लाईट असलेला फोटो घ्या, ब्लॅक अँड व्हाईट करून फक्त ४ शेड्समध्ये तोडा, प्रत्येक शेड म्हणजे एक थर. सगळ्यात मागे डोकं-मान-खांद्याचा अख्खा आकार, मग चेहरा, मग गाल-कपाळ, नाक सगळ्यात पुढे. डोळे मात्र वरून चिकटवू नका, पुढच्या थरात भोक पाडून मागच्या थरावर करा, खोल दिसतात.

केसांसाठी माझी आवडती ट्रिक: खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद थोडा ओला करून सोला, आतल्या नागमोडी रेघा उघड्या पडतात, त्या केस ज्या दिशेने जातात तशा लावा. रंग शक्यतो नकोच, छापील अक्षरं, टेपच्या खुणा राहू द्या की, मजा त्यातच आहे.

गोंद कमी लावा नाहीतर पुठ्ठा वाकतो, आणि वाळेपर्यंत मागच्या सपाट थरावर जड पुस्तकं ठेवा. कटरने एका दमात आरपार कापू नका, हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा. आणि हो, पिकासोने १९१२ मध्ये पुठ्ठ्याची गिटार केली होती, तिचे फोटो बघाच.