बायपोलरमधून सावरणाऱ्या भावाला ट्रेकिंगच्या शिबिराला पाठवावं का?

डोंगरात जरूर पाठवा, पण हे शिबिर नको. भाऊ २० वर्षांचा, बायपोलर (मन कधी अति उत्साहात, कधी खोल उदासीत जाण्याचा आजार), त्यावरचं लिथियम हे औषध चालू, मॅनिया म्हणजे त्या अति उत्साहाचा झटका ओसरून काही महिने झालेत आणि शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून कणकुंबीकडच्या पाच दिवसांच्या पावसाळी शिबिराचं डिपॉझिट भरलंय, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही. एका समुपदेशकाबरोबर बेळगावच्या आसपास अशा पोरांना घेऊन फिरतो, त्यावरून सांगतो.

माझी खरी भीती झोपेची आहे. मध्यरात्रीपर्यंत गाणी-गप्पा आणि पहाटे चारला सूर्योदय बघायला उठवणं (पावसाळ्यात कणकुंबीला सूर्योदय कुणाला दिसतो देव जाणे), शिबिरांचं मोठं आकर्षण हेच असतं. बायपोलरच्या माणसाची झोप सलग मोडली की मॅनिया परत उसळू शकतो. आणि सुरुवातीला तो नुसता उत्साही दिसतो. सगळ्यांच्या पुढे पळतो, दुसऱ्याची सॅक उचलतो. आजार माहीत नसलेला लीडर त्याला शाबासकीच देणार.

लिथियमचंही बघायला हवं. घाम, उलट्या-जुलाब किंवा कमी पाणी पिणं यामुळे रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं. हात जास्त थरथरू लागले, तोल जाऊ लागला, बोलणं अडखळलं तर तिथूनच दवाखाना गाठायचा. गुडघा दुखला म्हणून कुणी ब्रुफेन दिली तर घ्यायची नाही, कारण तिनेही लिथियम वाढतं. संकष्टीचा उपास आणि चढ एकाच दिवशी नको. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून रक्ततपासणी करून घ्या.

नुसता डोंगर चढल्याने कुणी बरं होत नाही. औषधं चालू ठेवून, सोबतीला आजार समजणारा माणूस घेऊन, झेपेल एवढीच अडचण समोर ठेवायची आणि उतरल्यावर त्यावर बोलायचं, असं ते काम आहे. घराबाहेर पडायला घाबरणारी एक मुलगी आमच्याबरोबर राजहंसगडाला आली. दरवाजापाशीच थांबली. आम्ही तिला घड्याळ बघायचं काम दिलं: कोण किती वाजता वर गेलं, कधी परतायचं. पुढच्या खेपेला तीच आम्हाला 'चला, उशीर झाला' म्हणून हाकत होती. आठ दिवसांनी परत तेच, थोडं पुढे, असं चाललं तर फरक दिसतो. पाच दिवसांत बदलून टाकतो म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

म्हणून येळ्ळूरच्या याच राजहंसगडापासून सुरुवात करा. गडापर्यंत गाडी जाते, कधीही परत फिरता येतं. तिथं जमलं की देवरवाडीचं वैजनाथ मंदिर, मग महिपाळगड. भीमगड तूर्त राहू दे; अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी लागते आणि आत काही झालं तर दवाखाना लांब. जीव नकोसा झाल्याची भाषा अलीकडे त्याच्या तोंडी आली असेल तर कड्याची कुठलीच जागा नको, आधी डॉक्टर. रात्री-अपरात्री मानसिक मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत सरकारी नंबर आहे.

आणि भावाला विचारलंत का? तुमच्या प्रश्नात तुमचं मत आहे, आईचं आहे, काकांचं आहे, त्याचं कुठंच नाही. शिबिराचं डिपॉझिट तर परत मागाच, पण येळ्ळूरलासुद्धा त्याला यायचं असेल तरच न्या.