तुम्ही कोण, आणि तुमचे राजकीय व सामाजिक विचार काय आहेत?

प्रश्नाखाली तुम्ही आणखी एक ओळ जोडली आहे: 'डावे की उजवे, तेही सांगा.' आधी ओळख देतो, मग तिकडे वळतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला कास्तकार. वय पंचेचाळिशीच्या पुढचं. सात एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी (म्हणजे कपाशी) आणि तूर, खालच्या तुकड्यात सोयाबीन. अमरावती विद्यापीठातून राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केलं, म्हणजे डावे-उजवे शब्द परीक्षेपुरते पाठ आहेत. जातीनं कुणबी. हे सांगितलं नसतं तरी पुढचं वाचून तुम्ही अंदाज लावलाच असता. गावाचं नाव देत नाही, कारण गाव लहान आहे आणि खालच्या निम्म्या गोष्टींवर पारावर वाद होतील.

आणि हो, यवतमाळ म्हटलं की बाहेरच्यांना फक्त आत्महत्या आठवतात. मी १९ मार्चला उपवास करतो, साहेबराव करपेंसाठी. आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे ते कास्तकार, १९८६ साली त्या दिवशी बायको-लेकरांसकट गेले. पण वर्षातले बाकीचे दिवस आम्ही जगत असतो, भांडत असतो, पोळ्याला बैल सजवत असतो. कॅमेरा घेऊन येणाऱ्यांना ते दिसत नाही, याचा मला राग आहे.

आता डावं-उजवं. कापूस विकणाऱ्याला या प्रश्नाचं सरळ उत्तर देणं अवघड जातं. १९७२ साली राज्य सरकारनं कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. कापूस सरकारलाच घालायचा, दुसऱ्याला विकायचा नाही. ज्या वर्षी भाव पडला त्या वर्षी माझ्या बाबांना आधार होता. ज्या वर्षी बाहेर भाव चढला त्या वर्षी माल अडकला, आणि चुकाऱ्यासाठी वाट बघत बसावं लागलं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी ही बंदी मोडा म्हणाले तेव्हा बाबा सभेला गेले आणि छातीला संघटनेचा लाल बिल्ला लावून परत आले. पुढे ती मक्तेदारी संपली. बाजार खुला झाला आणि दारात काटा घेऊन खेडा खरेदीवाला उभा राहिला. तोलात मारतो, पण नगद देतो. पोरीची फी भरायची असली की नगदच लागते. आता तेच बाबा दिवाळीपासून मला विचारतात, "सीसीआयचं केंद्र काहून नाई उघडलं अजून?" सीसीआय म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं केंद्र सरकारचं महामंडळ. बिल्ला अजून त्यांच्या पेटीत आहे. त्यांना या दोन्हींत विसंगती दिसत नाही, मलाही दिसत नाही.

२०२५ चा हंगाम घ्या. लांब धाग्याच्या कापसाला केंद्रानं क्विंटलला ८११० रुपये हमीभाव जाहीर केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. आमचा पहिला वेचा दसऱ्याच्या आसपास निघतो. म्हणजे आमचा माल घरात यायला आणि परदेशी गाठी बिनशुल्क उतरायला एकच गाठ पडली. अमेरिकेनं शुल्क वाढवल्यामुळे आपल्या कापडवाल्यांची कोंडी झाली होती, हे मलाही कळतं. गिरणी बंद पडली तर माझी रुई कोण घेईल? पण कोंडी गिरणीची असली की तोडगा पंधरा दिवसांत निघतो. आमच्या हमीभावासाठी मात्र 'कपास किसान' ॲपवर नोंदणी, सातबाऱ्यावर पीकपेरा, ओलावा १२ टक्क्यांच्या आत, आणि ८ च्या वर गेला की टक्क्यागणिक कपात. परतीच्या पावसात भिजलेला पहिला वेचा ८ टक्क्यांवर कोण आणून देईल? सरकारनं बाजारात हात घालावा की नाही, या वादात मला रस उरलेला नाही. तो घालतंच. कोणत्या महिन्यात घालतं आणि कोणासाठी, यावर मी माझं मत ठरवतो.

इथपर्यंत आमच्या गावचे सगळे कास्तकार माझ्या बाजूनं बोलतील. पुढे फाटतं.

वेचणीचा दर आता किलोला दहा-बारा रुपये आहे, म्हणजे क्विंटलमागे हजार-बाराशे नुसते वेचण्याचे. दर हंगामाच्या तोंडावर कास्तकार पारावर जमतात आणि गावानं एकच दर बांधावा असं ठरवू बघतात. माझ्याकडे वेचायला येणाऱ्या मावशींनी मला विचारलं होतं, "तुले भाव पाह्यजे, मंग मले काहून नको?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी ते शोधलंही नाही, कारण त्यांचं बरोबर आहे. मजुरांनी मिळून दर वाढवला तर ती 'मस्ती', आणि आम्ही मिळून पाडला तर तो 'गावाचा निर्णय'. हे मला पटत नाही, आणि पटत नाही हे मी बोलून दाखवतो, म्हणून दोन-तीन घरांत माझं जाणं कमी झालं आहे.

याच वादात रेशन येतं. 'फुकट धान्यानं मजूर आळशी झाले' हे वाक्य आमच्याकडे चहाबरोबर मिळतं. म्हणणारे एक विसरतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत, त्यात यवतमाळही आलं, केशरी कार्डाच्या कास्तकारांना २०१५ पासून दोन-तीन रुपये किलोनं धान्य मिळत होतं. २०२३ पासून त्याच्या बदल्यात माणशी महिन्याला दीडशे रुपये खात्यात यायला लागले. तेव्हा आमच्यातला कोणी आळशी झाला नव्हता बहुतेक. घरात महिन्याचं धान्य असलं की बाई पडेल त्या दरात वेचायला येत नाही, खरं दुखणं ते आहे. माझ्या खिशाला ते मलाही दुखतं. तरी रेशन बंद करा असं मी म्हणणार नाही.

जातीबद्दल. आमच्या समाजातली पोरं ओबीसीच्या सवलतीवर शिकतात आणि मोबाईलवर आरक्षणाला शिव्या देणारे निरोप पुढे ढकलतात. मागासवर्गीयांसाठी आयोग नेमण्याची तरतूद घटनेच्या ३४० व्या कलमात आहे. १९५१ साली मंत्रिमंडळातून बाहेर पडताना बाबासाहेबांनी जी कारणं सांगितली, त्यात हा आयोग अजून नेमला नाही हेही होतं. हे मी एका लग्नाच्या पंगतीत सांगितलं तर शेजारचे काकाजी वरण वाढून घ्यायला म्हणून उठले ते परत बसलेच नाहीत. पंजाबराव देशमुखांच्या फोटोला आम्ही हार घालतो. अमरावतीचं अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून ते उभे राहिले आणि लग्नही त्यांनी जातीबाहेर केलं, हे मात्र जयंतीच्या भाषणात येत नाही. माझ्या मुलीनं तसं लग्न ठरवलं तर मी मांडवात उभा राहीन. तिची आई अजून या मताची नाही, आणि आमच्या घरात हा विषय निघाला की भाजी करपते.

सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावलं आहे. हेही शरद जोशींच्या 'लक्ष्मी मुक्ती'तून, म्हणजे जमीन बायकोच्या नावे करा या मोहिमेतून, डोक्यात बसलेलं.

वेगळा विदर्भ? मागणी न्यायाची आहे. राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगानं १९५५ साली वेगळ्या राज्याची शिफारस केली होती, विदर्भाला न्याय्य वाटा देऊ म्हणणाऱ्या त्याआधीच्या १९५३ च्या नागपूर कराराचं काय झालं ते आमच्या कालव्यांकडे बघून कळतं, आणि दांडेकर समितीनं १९८४ मध्ये अनुशेष मोजूनही दिला. तरी मला त्यात फारसा उत्साह नाही. मुंबईचा साहेब जाऊन नागपूरचा येईल, आणि नागपूरही आम्हाला दीडशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. मला ओढ वाटते ती गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाची. वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्यांनी सामूहिक हक्क मिळवला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच, आणि पुढे आपला बांबू त्यांनी आपण विकला. आमच्याकडे ग्रामसभेचं रजिस्टर घरोघर फिरतं आणि लोक चुलीपाशी बसून सही करतात. मी घरी आलेल्या रजिस्टरवर सही करत नाही. शिपायाला त्याचा त्रास होतो, त्या बिचाऱ्याचा दोष नसताना.

दारूबंदीवर माझं मत बायकांच्या बाजूचं, पण जिल्हाभर बंदीच्या बाजूचं नाही. चंद्रपूरला २०१५ मध्ये केली, २०२१ मध्ये उठवली. वर्ध्याला कित्येक वर्षांपासून आहे, आणि तिथे दारू मिळते का हे कोणत्याही ऑटोवाल्याला विचारा. गावातल्या बायकांनी मतदानानं बाटली आडवी केली तर ते दुकान बंद राहतं, कारण बंद कोणी केलं हे सगळ्यांना माहीत असतं.

देव मानतो. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जातो, सत्यनारायणाला जात नाही.

पक्ष सांगणार नाही. विधानसभेला कोणाला मत दिलं हे मी बायकोला सांगत नाही आणि तीही मला सांगत नाही. ग्रामपंचायतीला लपवून उपयोग नसतो. प्रभागात दोन-अडीचशे मतं, निकाल लागला की संध्याकाळपर्यंत पारावर कोण कुठे गेलं याची यादी तयार असते, आणि माझं नाव तिच्यात बहुतेक वेळा बरोबर खान्यात असतं.