‘क्रिस्प’ वाईन आणि दोन समुद्र

गुहागरजवळ घरगुती निवासव्यवस्था चालवणाऱ्या एका वाचकांनी दोन शंका विचारल्या आहेत. पाहुण्यांनी आणलेल्या फ्रेंच वाईनच्या बाटलीवर ‘क्रिस्प व्हाइट ब्लेंड’ असे लिहिले होते. पदार्थांच्या यादीत त्याचे मराठी ‘कुरकुरीत पांढरे मिश्रण’ असे करावे काय? आणि बाटलीवरच्या ‘आँत्र-दो-मेर’ या प्रदेशनामाचा अर्थ ‘दोन समुद्रांच्या मध्ये’ असा असेल, तर नकाशावर तिथे एकही समुद्र का दिसत नाही?

‘कुरकुरीत’ हा दातांखालचा शब्द आहे. तो पापडाला, तळलेल्या बोंबलाला शोभतो, घोटाला नाही. वाईनच्या संदर्भात ‘क्रिस्प’ म्हणजे गोडव्याने न झाकलेला, घोट घेताच तोंडाला पाणी सुटावे असा स्वच्छ आंबटपणा. तो मुख्यतः टार्टरिक आणि मॅलिक या आम्लांमुळे येतो, आणि त्यांपैकी पहिले आपल्या चिंचेतही भरपूर असते. तेव्हा प्रतिशब्द आंबटाच्या घरातच शोधावा हे उत्तम. मात्र तिथेही जपून वावरावे लागते. ‘आंबूस’ म्हटले की रात्रभर बाहेर राहिलेल्या आमटीचा वास आठवतो. ‘आंबलेली’ हे विशेषण तर वस्तुतः प्रत्येक वाईनला लागू आहे, कारण द्राक्षांचा रस आंबवूनच ती होते. तरीही त्या नावाने ती कोणी मागवील असे वाटत नाही. ‘आंबटसर’ निर्दोष आहे, पण मिळमिळीत. माझे मत ‘आंबटचुटूक’ या शब्दाकडे झुकते. त्यातल्या ‘चुटूक’ने आंबटाला जो तरतरीतपणा येतो, तोच ‘क्रिस्प’मध्ये अभिप्रेत आहे, आणि कैरीच्या मुलखात तो कोणाला समजावून सांगावा लागणार नाही.

‘ब्लेंड’साठी ‘मिश्रण’ चुकीचे नाही, परंतु ते प्रयोगशाळेतले वाटते, आणि ‘भेसळ’ तर सरळ आरोपच होतो. या वाईनमध्ये सोव्हिन्यों ब्लाँ, सेमियों आणि म्युस्कादेल या द्राक्षजाती प्रामुख्याने एकत्र येतात: पहिलीने आंबटपणा आणि ताजा वास यावा, दुसरीने घोटाला भरीवपणा, तिसरीने थोडा फुलांचा सुगंध. भाजणीत किंवा मेतकुटात एकेका धान्याचे काम ठरलेले असते, तसेच हे आहे. ‘मिश्र द्राक्षांची’ एवढे साधे लिहावे.

आता समुद्रांविषयी. हा प्रदेश फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, बोर्दो परिसरात, गारोन आणि दोर्दोन्य या नद्यांच्या मधोमध आहे. तेथील कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, पांढऱ्या वाईनला १९३७ मध्ये प्रदेशनामाचे अधिकृत संरक्षण मिळाले. या दोन नद्या एकत्र येऊन जिरोंद ही विस्तीर्ण खाडी होते आणि अटलांटिकची भरती त्या खाडीतून दोन्ही नद्यांत फार आतपर्यंत शिरते; काही वेळा तर पाण्याची एक उभी लाटच प्रवाहाविरुद्ध चढत जाते. नावातले ‘समुद्र’ ते हेच, भरतीचे पाणी वागवणाऱ्या नद्या. याला ‘दुआब’ म्हणता येईल, पण त्या शब्दात गंगा-यमुनेचे गोडे पाणी आहे, भरती-ओहोटी नाही. प्रश्नकर्त्यांनी स्वतःच्या तालुक्याकडे पाहावे: उत्तरेस वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेस शास्त्रीची जयगड खाडी. फरक एवढाच की, गुहागरला पश्चिमेस खराखुरा समुद्रही आहे. म्हणून अर्थ देताना शब्दशः ‘दोन समुद्रांमधला’ असे लिहून पुढे ‘म्हणजे दोन खाड्यांमधला’ अशी पुस्ती जोडावी.

यादीसाठी आणखी एक सूचना. ‘दोन कालवांच्या (म्हणजे ऑयस्टर शिंपल्यांच्या) मध्ये आँत्र-दो-मेर’ अशा अर्थाची, ‘दोनच्या मध्ये’ या शब्दांवर कोटी करणारी एक उक्ती फ्रेंचमध्ये रूढ आहे, तेव्हा ही वाईन कालवांच्या ताटाशेजारी मांडणे रास्तच ठरेल. तिथे मात्र प्रमाण लेखनाचा आग्रह सोडून अनुस्वारासह ‘कालवं’ असेच लिहावे. ‘कालवे’ लिहिल्यास घाटावरून आलेल्या पाहुण्यांना आधी पाटबंधारे खाते आठवेल.