एमआरडी चाचणीसाठी वडिलांची ठेव मोडावी का?

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांचं पत्र आलं आहे. वडील 66 वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, आयुष्यात कधी विडी-सिगारेट ओढली नाही. चार महिन्यांपूर्वी फुफ्फुसातली साडेचार सेंटिमीटरची कर्करोगाची गाठ ऑपरेशन करून काढली. जवळच्या लिम्फ नोडमध्येही आजार होता, म्हणून स्टेज टू-बी. केमोच्या चारही सायकल आता झाल्या. शरीरात आजाराचा अंश उरला आहे का हे रक्तातून शोधणारी 'एमआरडी' चाचणी त्यांना सुचवली गेली आहे. पहिली तपासणी आणि वर्षभरातल्या पुढच्या चाचण्या मिळून साडेतीन लाख. ते विचारतात : वडिलांची 12 लाखांची ज्येष्ठ नागरिक बचत योजना मोडू, की ऑक्टोबर छाटणीसाठी ठेवलेले पैसे वापरू?

दादा, माझं उत्तर आधीच सांगतो. आत्ता दोन्हींना हात लावू नका. तुमच्या पत्रात एक गोष्ट सापडली नाही आणि पैशांचा सगळा निर्णय तिच्यावरच अवलंबून आहे. काढलेल्या गाठीची ईजीएफआर आणि एएलके तपासणी, म्हणजे या दोन जनुकांत बदल आहे का याची तपासणी, झाली आहे का?

कधीही धूम्रपान न केलेल्यांच्या फुफ्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर जनुकातला बदल बऱ्याचदा सापडतो. तो असेल तर ऑपरेशननंतर तीन वर्षं रोज ओसिमर्टिनिबची गोळी देतात. 'अडाउरा' नावाच्या मोठ्या चाचणीत स्टेज वन-बी ते थ्री-ए मधले असे रुग्ण होते. गोळी घेणाऱ्यांपैकी 88 टक्के पाच वर्षांनंतर हयात होते, न घेणाऱ्यांपैकी 78 टक्के. एएलके बदल असेल तर वेगळी गोळी आहे, ती दोन वर्षं. दोन्ही नसतील तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला आजाराशी लढायला लावणाऱ्या औषधांचा, विचार होऊ शकतो. यातला कोणताही उपचार रक्तात आजार दिसण्याची वाट पाहत नाही. स्टेज आणि गाठीचा अहवाल बघून डॉक्टर ठरवतात. अडाउरामध्ये केमो झालेल्यांना ऑपरेशननंतर 26 आठवड्यांच्या आत सामील करून घेतलं होतं. तुमचे सतरा-अठरा आठवडे गेले आहेत. मला घाई आहे ती याची.

आणखी एक, जे मला फार महत्त्वाचं वाटतं. गाठीचा तुकडा मेणात बसवून पॅथॉलॉजी लॅबमध्ये ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. ईजीएफआर तपासणी त्याच ब्लॉकवर होते, नवीन बायोप्सी लागत नाही. पण गाठीवर बेतलेल्या एमआरडी चाचणीलाही तोच ब्लॉक लागतो : आधी गाठीतले बदल वाचतात, मग तेच बदल रक्तात शोधतात. ऊतक मोजकंच असतं. एमआरडीसाठी ब्लॉक आधी पाठवू नका.

आता चाचणीबद्दल. ती खोटी नाही. गाठीच्या पेशी मरताना त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात सुटतात आणि काही तासांत नाहीसेही होतात. म्हणून आज सापडले तर आज आजार आहे, असं मानायला जागा आहे. 2017 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी फुफ्फुसाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या 40 रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, ज्यांचा आजार परतला त्यांच्यापैकी 72 टक्के रुग्णांमध्ये स्कॅनच्या आधी रक्ताने इशारा दिला, मध्यक (निम्म्यांत याहून आधी, निम्म्यांत नंतर) 5.2 महिने आधी. पण त्या पाच महिन्यांत लवकर उपचार सुरू करून फुफ्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण जास्त जगतात, हे अजून सिद्ध झालेलं नाही. चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्तही होता येत नाही. फार लहान अंश रक्तात दिसेलच असं नाही, मेंदूत गेलेला आजार तर रक्तात फारच कमी उतरतो. सीटी स्कॅन चुकवण्याचं कारण म्हणून तो निगेटिव्ह कागद घरात येऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ठेवीचं बघा. ज्येष्ठ नागरिक योजनेतून हवे तेवढे साडेतीन लाख काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. दोन वर्षं उलटून गेल्यामुळे मुद्दलातून 1 टक्का, म्हणजे 12,000 रुपये कापले जातील. ते परवडलं असतं. पण 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे 24,600 रुपये थांबतील, आणि सहा महिन्यांनी होणारे सीटी स्कॅन, मिरजेच्या फेऱ्या, रक्ताच्या साध्या तपासण्या याच पैशांतून चालणार आहेत. छाटणीच्या पैशांचं तर बोलायलाच नको. औषधं आणि मजुरी वेळेवर दिली नाही तर हंगाम जातो, मग सोसायटीचं कर्जही फिटत नाही.

मेडिक्लेमकडून या चाचणीची आशा धरू नका. ऑपरेशन होऊन हॉस्पिटलमधून सुटल्यानंतरच्या खर्चासाठी बहुतेक पॉलिसी देतात ते 60 किंवा 90 दिवस संपले आहेत. मात्र तोंडावाटे घ्यायची केमोथेरपी विम्याच्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहे. गोळी सुरू करायची झाली तर ती तुमच्या पॉलिसीत बसते का आणि मर्यादा किती, हे कंपनीकडून लेखी घ्या. औषध कंपनीची रुग्ण सहाय्य योजना आहे का, तेही डॉक्टरांना विचारा. वडील जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरत असतील तर उपचारखर्चावर ज्येष्ठांना 1 लाखापर्यंत वजावट मिळते, पावत्या जपून ठेवा.

ऑन्कोलॉजिस्टना (कर्करोगतज्ज्ञांना) मात्र थेट विचारा : एमआरडी पॉझिटिव्ह आली तर तुम्ही वेगळं काय कराल? निगेटिव्ह आली तर काय थांबवाल? दोन्हींना ठोस उत्तर मिळालं तर एकच चाचणी करा, वर्षाचं पॅकेज नको. 'आणखी लक्ष ठेवू' एवढंच उत्तर असेल तर पैसे गोळीसाठी राखा.

सोमवारी पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाऊन ब्लॉक आहे का बघा, आणि ईजीएफआरचा अहवाल आला की मला पुन्हा लिहा. पुढच्या तीन वर्षांच्या खर्चाचा तक्ता मी मांडून देतो.