शाश्वततेचा इतिहास शिकवायचा, मग इतिहास का सोडायचा?

प्रश्न: मी इतिहासाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाश्वततेचा विचार कसा घडत गेला, हे मला शाळेत शिकवायचंय. घरचे म्हणतात, मग पर्यावरणशास्त्रालाच प्रवेश घे. काय करू?

उत्तर: इतिहास सोडू नकोस. तुला जे शिकवायचंय ते इतिहासाचंच काम आहे.

1713 मध्ये सॅक्सनीतल्या हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झ या खाण-अधिकाऱ्याने जंगल राखण्यावर ग्रंथ लिहिला. चांदीच्या खाणींना टेकू द्यायला लाकूड लागे, धातू गाळायला लोणारी कोळसा लागे, आणि जंगलं आटत चालली होती. जेवढं पुन्हा उगवेल तेवढंच तोडा, असा त्याचा आग्रह. म्हणजे या विचारामागे भट्ट्या विझण्याची धास्तीही होती. मुलांना इथेच थांबवून विचार: लाकूड वाचवायचं ते कुणासाठी? हा प्रश्न विचारण्याची सवय तुला इतिहासानेच लावली आहे.

पुढे 1865 मध्ये जेव्हन्स या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने दाखवलं, की इंजिनं कमी कोळशात चालू लागली तरी कोळशाचा एकूण खप वाढतोच. मोठ्या वर्गांसाठी याहून चांगला धडा मला सुचत नाही, कारण मुलांचा पहिला अंदाज हमखास उलटा निघतो. 1972 च्या स्टॉकहोममधल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेत इंदिरा गांधींनी गरिबीचा प्रश्न पुढे केला; पर्यावरण राखायचं की आधी गरिबी हटवायची, हा तो वाद. ‘पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं’ ही शाश्वत विकासाची, संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने 1987 मध्ये केलेली व्याख्या त्या वादानंतरची आहे. वाद वगळून नुसती व्याख्या पाठ करून घेतलीस, तर हातात सनावळी उरेल. (आपल्या ‘शाश्वत’ शब्दात ‘कधीच न संपणारं’ असा अर्थ आहे. तो मुलांची दिशाभूल करतो, त्यावरही बोल.)

आता तुझ्या वाटेबद्दल. इतिहासातच पदव्युत्तर शिक्षण घे, प्रबंधाला पर्यावरणाच्या इतिहासातला विषय निवड, मग शिक्षक-प्रशिक्षण. घरच्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढंच, की विज्ञान कच्चं ठेवून चालणार नाही. कार्बनचक्र समजून घे, आलेख वाचायला शीक. फक्त याच विषयाचं शिक्षकपद क्वचितच निघतं. नेमणूक बहुधा इतिहासाची असेल आणि हे धडे तुला त्यातच बसवावे लागतील.

प्रवेशअर्ज भरण्याआधी ओळखीच्या शाळेत एक तास मागून घे आणि जेव्हन्सचा कोळसा शिकवून बघ. वर्ग कुठे अडला, ते मला कळव.